नाहीतर काय, ते लिहायचं राहिलं

चिपच्या कोडमध्ये मी जे लिहितो ते आधी आमच्या घरात घडतं. सोसायटीला हे ठाऊक आहे. मागे मोजणीच्या ओळीत मी आकडा साठवायला जागा कमी ठेवली, तर आमचा जिना अर्ध्यावर आला की पुन्हा तळमजल्यापासून सुरू व्हायला लागला. वरच्या मजल्यावरचे कुलथे भाजीची पिशवी घेऊन संध्याकाळपर्यंत चढत होते. मी कोड मॉडेलला दाखवला, त्याने जागा वाढवली आणि कुलथे घरी पोहोचले. कोथिंबीर मात्र सुकली, ते अजून ऐकवतात.

मॉडेल म्हणजे कंपनीने आम्हाला दिलेला वाचक. पुस्तकं वाचून भाषा शिकलेलं ते यंत्र आता आमचा कोड वाचतं, चूक दाखवतं, नवी ओळ सुचवतं. कधी आवाज चढवत नाही. माणूस असता तर मी त्याला जेवायला बोलावलं असतं.

पाहुणे आले ते एका गुरुवारी. दुकानांच्या आपोआप उघडणाऱ्या दारांसाठी आम्ही चिप करत होतो आणि मी ओळ लिहिली: दारात माणूस असेल तर त्याला आत घ्या. तेवढ्यात जेवायची हाक आली. बाहेर जाऊन बघतो तर दिवाणावर एक गृहस्थ, अंगात करडी सफारी, हातात आमचाच पेपर. माझ्या बायकोने, वृंदाने, त्यांना चहासुद्धा दिला होता. मी नाव विचारलं.

"नावाचं राहू द्या," ते म्हणाले.

नावाचं राहिलं आणि तेही राहिले. आमच्या धंद्यात ही गोष्ट नवशिक्यालाही माहीत असते. असं झालं तर तसं करा एवढंच लिहिलं आणि नाहीतर काय, ते लिहायचं राहिलं, की चिप गोंधळत नाही. ती आहे ते धरून ठेवते. आमच्या घराने पाहुण्यांना तसं धरून ठेवलं. त्यांची दाढी वाढत नव्हती. कपातला चहा संपत नव्हता, निवतही नव्हता. पेपर गुरुवारचाच राहिला आणि त्यातलं शब्दकोडं रोज सकाळी कोरं व्हायचं. वृंदा शेजारी बसून ते त्यांच्याबरोबर नव्याने सोडवायची आणि त्याच उत्तराला रोज तितकीच हसायची.

कुलथे एकदा डोकावून गेले आणि जाताना मला म्हणाले, "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." मी हसण्यावारी नेलं. पाहुण्यांचा त्रास काहीच नव्हता. मटार सोलून द्यायचे, पंख्याची कुरकुर कुठून येते ते बसल्या जागी सांगायचे. मला मत्सर वाटला नाही. खरं तर थोडा वाटला, पण घरात हसण्याचा आवाज होता आणि तो ऐकत माझं काम छान होत होतं.

मग चिप कारखान्यात पाठवायची वेळ आली. आमच्या प्रमुख नाईकनवरे बाईंनी फोनवर नेहमीचं बजावलं: एकदा सिलिकॉनवर कोरलं की ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही, तेव्हा सगळा कोड मॉडेलकडून तपासून घ्या. मी मॉडेल लावलं. वृंदा हात पुसत येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

मॉडेलने लिहिलं, "दाराच्या भागात चूक आहे. नाहीतर काय, ते सांगितलेलं नाही. त्यामुळे आत आलेला माणूस आतच राहतो."

मी लिहिलं, "राहू दे. आम्हाला त्यांची सवय झाली आहे."

"ते तुम्हाला हवे आहेत म्हणून राहिलेत, की लिहायचं राहिलं म्हणून?"

मॉडेलने समजावलं की हवे असतील तर तसंही लिहिता येतं, फक्त रीतसर. चिपच्या घड्याळाच्या प्रत्येक टोल्याला, ज्याचं घर त्याला विचारायचं. हो म्हटलं तर माणूस राहील, नाही म्हटलं तर दार उघडेल. मला ते रास्त वाटलं. मी ओळ स्वीकारणार, इतक्यात खाली आणखी एक वाक्य उमटलं.

"हीच चूक आणखी एका ठिकाणी आहे."

त्या ओळीवर माझ्या सासऱ्यांचं नाव होतं. सासरे पोस्टात होते, त्यांनी आयुष्यात कधी कोड लिहिला नव्हता. ओळ होती: जावई दारात आला तर त्याला आत घ्या.

तर ते असं. चिंचवडचा हा फ्लॅट सासऱ्यांचा. लग्नानंतर मी कराडहून बॅग घेऊन आलो, तेव्हा ते म्हणाले होते, घर मिळेपर्यंत राहा. पुढे घर कोणी शोधलं नाही, सासरे गेले, घर वृंदाचं झालं, आणि मी राहिलो. मला घरजावई म्हणून चिडवणारेही कधीच थकले. मी टेबलावरच्या माझ्या चहाला बोट लावून पाहिलं. सकाळचा चहा, अजून कढत. माझा चहा कधीच निवत नसे. वृंदा काळजी घेते असं मी इतकी वर्षं समजत होतो.

मला भीती वाटली. मला हे घर हवं होतं. मला वृंदा हवी होती. तिला मी हवा आहे का, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

"दुरुस्त करा," मागून वृंदा म्हणाली.

"दोन्ही?"

"अहो, दोन्ही."

मी दोन्ही ओळी स्वीकारल्या आणि फाइल पाठवून दिली. माझ्या चहावर तिथल्या तिथे साय धरली. बाहेर पाहुणे दिवाणावरून उठले, त्यांचे गुडघे कडकड वाजले, पेपरावर शनिवार आला. मग टोला पडला. आमच्याकडे टोल्याचं घड्याळ नाही, पण पडला, आणि पाहुणे आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी शेजारी शेजारी उभे होतो. वृंदा आत परत जाऊन फोडणी देत होती. तिने मान वळवून पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

पुढच्या टोल्यालाही हो म्हणाली. ते आम्हा दोघांना होतं की एकालाच, हे कळत नव्हतं, पण दोघेही राहिलो. चिपचं घड्याळ असल्यामुळे टोले घाईघाईने पडत होते आणि दर टोल्याला बाहेरचं दार थोडं पुढे सरकत होतं. आधी दिवाण त्याच्या पलीकडे गेला, मग माझं टेबल, मग दार आमच्या पाठीला येऊन टेकलं. लाकूड गार होतं. पाहुण्यांनी मला नीट उभं राहता यावं म्हणून खांदा आकसून घेतला. मी आभार मानले.

आश्चर्य म्हणजे मला बरं वाटत होतं. भीती होती, पण तिच्या खाली बरं वाटत होतं. दर टोल्याला कोणीतरी माझ्याकडे पाहत होतं आणि माझ्यापुरतं उत्तर शोधत होतं. असा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. हे मी पाहुण्यांना हळूच बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "माझंही तसंच."

वृंदाने वरण उतरवलं आणि तांदळाचा डबा उघडला. ती वाटीने मोजत नाही, माणशी एक मूठ घेते. पहिली मूठ तिने पातेल्यात टाकली, ती तिची स्वतःची. दुसरी, आमच्यापैकी एकाची, भरून हात उचलला आणि आमच्याकडे वळली. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडे. टोल्याच्या वेळी बोलायचं ते ज्याचं घर त्याने. दार पाठीशी करकरलं. टोला पडला तेव्हा तिची मूठ मिटलेलीच होती, आणि बोटांच्या फटीतून एकेक दाणा पातेल्यात पडत होता.