मंद पाखराचा पट

पेटीच्या तळाशी गुंडाळून ठेवलेला मी एक जुना कागदी पट आहे, मित्रांनो. चीनमधल्या शाओशिंगमध्ये, कालव्याकाठच्या एका घरात राहतो. माझ्या अंगावर काळ्या शाईची चार ठसठशीत चिनी अक्षरे आहेत. पंखांनी मंद असलेल्या पाखराने थव्याच्या आधी उडायला लागावे, एवढाच त्यांचा अर्थ.

मला लिहिले ते शेन बाओकुन यांनी, आणि तेही स्वतःसाठी. ते दारूच्या कारखान्यात रांजणांची तोंडे मातीने लिंपायचे. शाळा लहानपणीच सुटलेली, त्यामुळे अक्षरओळख बेताची. कोठारात कारकून व्हायचे त्यांच्या मनाने घेतले, तेव्हा त्यांनी मला आपल्या टेबलासमोर टांगले आणि पहाटे चारला उठून अक्षरे गिरवू लागले. दोन वर्षांत कारकून झालेही. घरी येणारे मला वाचून म्हणायचे, "बाओकुन, एवढा हुशार माणूस तू, आणि स्वतःला मंद म्हणवतोस होय!" ते लाजून चहा ओतायचे. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटे.

मग त्यांची मुलगी रुईझू गणितात मागे पडली. बाओकुन यांनी मला काढून तिच्या टेबलासमोर टांगले. मन साफ होते त्यांचे. जे आपल्या कामी आले ते लेकीच्याही कामी यावे, इतकेच. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. आमच्याकडे हे शब्द माणूस स्वतःबद्दल वापरतो. दुसऱ्याबद्दल वापरले की त्यांची शिवी होते.

शेजारच्या चिन मावशी खारवलेल्या भाजीची वाटी घेऊन आल्या. त्यांनी मला वाचले, मग रुईझूकडे पाहिले.

"अगं बाई! म्हणजे ते पाखरू ही होय?"

"हो ना," बाओकुनही हसले. "डोकं जरा जडच आहे आमच्या पोरीचं."

रुईझू तेव्हा अकरा वर्षांची होती. त्या दिवशी ती रडली. महिनाभराने तिचे रडणे थांबले, आणि पुढे हसणेही. पहाटे चारला उठायची, गार पाण्याने तोंड धुवायची आणि माझ्याकडे न बघता गणिते सोडवायची. येणारा-जाणारा मला मोठ्याने वाचायचा, ती ऐकून घ्यायची. अशी चार वर्षे गेली. पुढे पुढे मलाही काही वाटेनासे झाले.

वरच्या शाळेच्या परीक्षेत रुईझू अख्ख्या गावात सातवी आली. दारात फटाक्यांची माळ लागली. "उडालं की रे तुझं पाखरू!" चिन मावशी म्हणाल्या. बाओकुन यांना काय करू नि काय नको असे झाले होते.

"बोल पोरी, काय घेऊ तुला? सायकल घेऊ?"

"काही नको, बाबा."

"असं कसं? काहीतरी माग ना!"

"उद्या झोपू द्या मला. उजाडेपर्यंत."

सगळे खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला ती टेबलाशी येऊन बसली. दिवा लावला नाही, पुस्तक उघडले नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसली. बाओकुन पाणी प्यायला उठले होते, ते दारातच थबकले.

"अगं, आता कशाला उठलीस? झोप ना."

"येत नाही झोप."

"बरं वाटत नाहीये का?"

"काही वाटतच नाही, बाबा."

बाओकुन आत आले. मग त्यांनी मला भिंतीवरून काढून गुंडाळले.

"हे मी माझ्यासाठी लिहिलं होतं गं."

"माहीत आहे," रुईझू म्हणाली. "खाली तुमचंच नाव आहे. लोक तेवढं वाचत नव्हते."

मित्रांनो, माझी अक्षरे वाईट नाहीत. मला हवे तर तुमच्या टेबलासमोर टांगा, मी आनंदाने राहीन. पण दुसऱ्याच्या लेकराच्या डोक्यावर मला टांगू नका. आणि स्वतःच्या लेकराच्या तर मुळीच नको.