शेवाळीचा चिकटा

डोळे मिटा बरं. समजा, तुमची कातडी हिरवट आहे आणि तिच्यावर सदोदित एक चिकट थर आहे, सर्दी झाली की नाकातून येतो तसाच. शी म्हणालात? म्हणा, सगळेच म्हणतात. पण तो थर आहे म्हणून तर तुम्ही जिवंत आहात. तो गेला की कातडीला भेगा पडणार आणि तुमचा कारभार आटोपणार.

मुंगीची शेवाळी अगदी अशीच होती.

मुंगी म्हणजे अकरा वर्षांची मुलगी, आणि शेवाळी म्हणजे खेळातलं तिचं पात्र. हा खेळ दर रविवारी दुपारी मामाच्या कामाच्या खोलीत चाले. फासे टाकायचे आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. कुणी योद्धा व्हायचं, कुणी दलदलीत राहणाऱ्या जमातीतलं. मामा सूत्रधार. भुयारात पुढे काय आहे, कोण वाचलं, कोण मेलं, हे तो सांगणार आणि बाकीच्यांनी ते मुकाट मानायचं.

मामा दातांच्या कवळ्या बनवायचा. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले असत आणि खोलीभर गुलाबी मेणाचा वास. त्याच मेणातून पात्रांच्या बाहुल्या कोरायच्या. पात्र मेलं, की बाहुली मामाच्या हातात द्यायची आणि त्याने ती वितळत्या मेणाच्या भांड्यात सोडायची, अशी तिथली रीत होती. मामाच्या मुलाचे, म्हणजे मुंगीच्या दादाचे दोन योद्धे असे गेले होते आणि दोन्ही वेळा तो हसला होता. मुंगीला मात्र शेवाळी कोरायला तीन रविवार लागले होते. बोटांमधले पडदेसुद्धा तिने सुईने काढले होते. दीड वर्ष तिने शेवाळीला जपलं होतं.

त्या रविवारी खेळात सगळे भुयारातल्या मुक्या दालनात शिरले. मामाने आवाज खाली आणून सांगितलं, "इथे कुठलीही जादू चालत नाही. मंत्र म्हणाल, तर नुसतं तोंड हलेल."

"माझी आग?" दातांच्या डॉक्टरांच्या मुलाने विचारलं. तो चौदा वर्षांचा होता आणि त्याचं पात्र अग्निवंशातलं, तोंडातून ज्वाळा काढणारं.

मामाने जरा विचार केला. "ती तू शिकलास का कुणाकडून?"

"नाही. जन्मापासून आहे."

"मग ती जादू नाही. पक्षी उडतो म्हणून त्याला कुणी मांत्रिक म्हणत नाही. जन्मतः अंगात आहे ते अंग, शिकून येते ती जादू."

मुंगीला हे फार आवडलं. मामाचं असंच असे. दोन वाक्यांत गोष्ट लख्ख करून टाकायचा.

"आता हिचं बघा," डॉक्टरांचा मुलगा म्हणाला. "हिचा तो शेंबूड. जखमा भरतो, जीव वाचवतो. ही तर सरळ सरळ जादू आहे."

"शेंबूड नाही, चिकटा," मुंगी म्हणाली. "आणि तोही जन्मापासूनच आहे."

"आग वेगळी गं. आग कशी भारी दिसते. तुझं ते लिबलिबीत ऐकून मला ओकारी येते. काका, ही जादूच धरा. नाहीतर मी नाही बाबा पुढच्या रविवारपासून."

मुंगी निर्धास्त होती. निवाडा तर आत्ताच झाला होता. तिने मामाकडे पाहिलं. मामा हसत होता. फोनवर डॉक्टरांशी "हो साहेब, करतो साहेब" म्हणताना तो असाच हसायचा. मामाकडची निम्मी कामं त्या डॉक्टरांकडून येत.

"तसं पाहिलं तर," मामा म्हणाला, "जीव वाचवणं म्हणजे जरा जादूच की."

"बाबा, आत्ता तर तुम्हीच..." दादा म्हणाला.

"तू गप रे. चिकटा जादू ठरला. म्हणजे इथे तो वाळणार. तीन डाव, मुंगे, आणि मग शेवाळी..."

मुंगी रडली नाही. तिने विचारलं, "मामा, वरची कवळी टाळूला कशाने चिकटते?"

"थुंकीने. लाळेचा पातळ थर असतो मध्ये. का?"

मुंगी उठली. मामा ज्यांवर दातांचं सिमेंट कालवायचा, ते काचेचे दोन चौकोनी तुकडे तिने घेतले. एकावर थुंकली, बोटाने ते सारखं केलं आणि दुसरा तुकडा वर दाबून बसवला. मग फक्त वरची काच धरून उचलली. खालची काच तशीच लटकत राहिली.

"ईऽ," डॉक्टरांचा मुलगा खुर्चीसकट मागे सरकला.

"कुठला मंत्र म्हटला मी?" मुंगीने विचारलं.

दादाला हसू फुटलं. मामाही काचेकडे बघत राहिला. क्षणभर त्याचा शिकवतानाचा, खरा चेहरा परत आला. मुंगीचं बरोबर आहे हे त्याला पुरतं कळलं होतं, आणि हे मुंगीलाही दिसलं. मग त्याने डॉक्टरांच्या मुलाकडे चोरून पाहिलं.

"हुशार आहेस," तो म्हणाला. "पण सूत्रधाराने एकदा सांगितलं की सांगितलं. खेळ आहे गं." त्याने तिचा डावा हात आपल्या हातात घेऊन थोपटला. "समजून घे ना राणी. आपण दुसरी करू, याहून छान. पंखवाली करू. दे ती इकडे."

त्याचा तळवा घामाने ओलसर होता. चिकट, कोमट. मुंगीने हात सोडवून घेतला.

तीन डाव झाले. तिने तिन्ही वेळा फासे टाकले आणि आकडे वाचले. मग तिने शेवाळी उचलली. मामाने पुढे केलेल्या हातात ती न ठेवता स्वतःच भांड्याशी गेली आणि तिने ती मेणात सोडली. पडदेवाले पाय आधी विरघळले. डोकं नाहीसं होईपर्यंत मुंगी तिथेच उभी होती.

"शाब्बास," मामा म्हणाला आणि त्याने नवा कोरा कागद तिच्या जागेवर सरकवला. "बोल, कोण व्हायचंय?"

मुंगी मोरीपाशी गेली. उजव्या हाताची बोटं थुंकीने अजून ओली होती, ती तिने फ्रॉकला पुसली. डाव्या हाताला साबण लावला, मनगटापर्यंत चोळला, धुतला आणि पुन्हा साबण लावला.