एका चुलीला एक वाटा

"चूल एकच ना?" जगदीशने चौकटीत उभं राहूनच विचारलं. त्याचा घसा इतका बसला होता की शब्दांपेक्षा वाराच जास्त बाहेर पडत होता.

"एकच असा," कौसल्या म्हणाली. "पण तिच्यार चौदा माणसां जेवतत, बाबा."

जगदीशने मागे उभ्या असलेल्या बकुळाकडे पाहिलं. दोघंही ठाकूरद्वारची, कॉलेजात शिकणारी. जानेवारीत आंदोलनावर गोळीबार झाला, संचारबंदी झाली, आणि त्यानंतर गिरणगावात चुली विझू लागल्या म्हणून या पोरांनी पैसे जमवायला गिरगावात नाटक लावलं. हिंदमाताला कापडाच्या दुकानांसमोर चादरीची चार टोकं धरून दिवस दिवस ओरडत उभी राहिली. जे जमलं त्यातून लालबागच्या एका व्यायामशाळेत धान्याची कोठी उघडली. पहिल्याच आठवड्यात एका घरातल्या तिघांनी तीनदा धान्य नेलं, मागच्यांना रिकामी पिशवी हलवत परत जावं लागलं, आणि कोठीच्या दारात बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी राहिल्या. तेव्हा कोठी चालवणाऱ्या पोरांच्या समितीने नियम केला, एका चुलीला एक वाटा. चूल डोळ्यांनी बघायची, दारावर खडूने खूण करायची, आणि खूण असेल तिथेच धान्य.

नियम वाईट नव्हता. गिरगावात कुणालाही तो पटला असता. तिथे चूल म्हणजे नवरा, बायको, पोरं आणि फार तर एखादी म्हातारी. लालबागेत एका चुलीभोवती अर्धा गाव जेवायला बसतो, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मावशी, चौदा माणसं म्हणजे तुमचे कोण?" बकुळाने विचारलं.

"माझे कोण नाय. खाणावळ असा ही."

नवरा गेल्यावर कौसल्येने खाणावळ घातली होती. जेवणारे सगळे तिच्याच गावाकडचे, बायकापोरं कोकणात ठेवून आलेले. त्यातले बहुतेक बदलीवाले, म्हणजे कायमचा कामगार गैरहजर असेल तेव्हाच काम मिळणारे. गोळीबारानंतर मिल उघडली ती अर्धीच, रात्रपाळी बंदच राहिली, आणि बदलीवाले रोज गेटवर जाऊन परत येऊ लागले. गावाला जावं तर तेही नाही. गेटवरची हजेरी चुकली की बदलीतलं नाव गेलंच. म्हणून मुंबईत राहायचं, आणि राहायचं तर जेवायचं. इतके दिवस कौसल्येने जेवायला घातलं. हातातल्या पाटल्या गेल्या, मग तांब्याची घागर गेली, आणि परवा वाण्यानेही मान फिरवली. आता डब्यात उद्या दुपारपर्यंतचे तांदूळ होते.

"रविवारी समितीची बैठक आहे," बकुळा म्हणाली. "मी बोलेन तिथे. खाणावळींचं काहीतरी ठरवायलाच हवं."

"रविवारपर्यंत काय वाढू त्यांका?"

जगदीशने खडूने दारावर एका वाट्याची फुली मारली. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो पाय ओढत पुढच्या खोलीकडे गेला. त्याच्यावर रागावण्याचं बळही कौसल्येला नव्हतं. तिला नुसता थकवा आला होता, पाटावर बसून भिंतीला टेकावं आणि कुणी उठवू नये असा.

संध्याकाळी माणसं जेवायला आली. पातळ आमटी, भात आणि चिमूटभर सुकट. सगळ्यांची पोटं अर्धी भरल्यावर तिने सांगून टाकलं.

"उद्यापासून तुमी आपापली चूल मांडा."

हात ताटातच थांबले. या सगळ्यांत बुधाजी वयाने मोठा, तिच्या नवऱ्याच्या बरोबरीने मिलमध्ये लागलेला. त्याच्याशिवाय कुणी तोंड उघडणार नव्हतं.

"काय चुकला आमचा, वयनी?"

"चुकला काय नाय, भावोजी. चुलीमागे एक वाटो गावता. माझी एक चूल, एक वाटो. तो एका बाईचो असा, चौदांचो नाय. गॅलरीत इटा लावा, दोघादोघांत एक चूल करा. पोरां येऊन बघतली, खूण करतली."

"अगो, पण चूल वेगळी भाव-भाव करतत. भांडान," बुधाजी म्हणाला. "आमचा काय भांडाण झाला? गावात कळला तर काय म्हणतले? कौसल्येच्या दारात बसान हेंनी चुली वेगळ्यो केल्यो."

कुणाला हसू आलं नाही. गावात चूल वेगळी झाली की भिंत मध्ये येते, मग सणाला एकमेकांच्या दारात पाय टाकायचीही चोरी होते. इथल्या प्रत्येकाच्या घरात ते कधी ना कधी झालेलं होतं.

पलीकडे बसलेल्या लवूला युक्ती सुचली. तो या सगळ्यांत तरणा आणि डोक्याने जरा चलाख. "चुली नुसत्यो दाखवया. धान्य घेवया आणि सगळा हाडून वयनीकडे ओतूया. कोण बघता?"

"मी बघतंय," कौसल्या म्हणाली. "त्या पोराचो घसो बसलोहा ओरडान ओरडान. चपला तुटल्यो. तेका फसवन हाडलेलो तांदूळ मी शिजवूचंय नाय. ज्या चुलीर खूण, ती चूल पेटाक होयी."

लवू खाली बघून जेवू लागला. कौसल्येने आमटी वाढायला पातेलं उचललं. आपण काय बोललो ते तिला आत्ता कळत होतं. खाणावळ गेली म्हणजे आपण कोण, हा प्रश्न तिने नवरा गेल्यापासून स्वतःला पडू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चाळीमागच्या पडक्या भिंतीच्या विटा वर आल्या. सकाळभर गॅलरीत माणसं वाकून विटा लावत होती. मिलमध्ये चार चार साचे, म्हणजे माग, सांभाळणारे हात, पण तीन विटा सरळ लागतील तर शपथ. कौसल्या आतून बघत होती. लवूने चुलीचं तोंड वाऱ्याच्या बाजूला केलं तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिने बाहेर येऊन काही न बोलता वीट फिरवली आणि आत गेली.

दुपारी जगदीश आणि बकुळा आली. गॅलरीत चुलींची रांग बघून जगदीश थांबला. विटांना अजून ओली माती लागलेली होती.

"या चुली कधीच्या?"

"आजच्यो," कौसल्या म्हणाली. "आमी वेगळी झालंव."

"भांडण झालं का मावशी?"

"नाय."

जगदीशने ओल्या विटांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्याने खडू काढला आणि एकेका चुलीवरच्या भिंतीवर फुली मारत गेला. बकुळा तिथेच उभी होती. तिचे डोळे भरले होते.

"तुम्ही आता काय करणार?" तिने विचारलं.

"माझी चूल असा ना. एक वाटो माका गावतलो."

चार वाजता बुधाजी आणि लवू पिशव्या घेऊन कोठीवर गेले आणि भरून आणल्या. कौसल्येचा वाटाही त्यांनीच आणला आणि तिच्या डब्यात ओतला. मग एकेक जण थाळीत विस्तव मागायला दारात आला. मागताना कुणी तिच्या तोंडाकडे बघत नव्हतं. तिने आपल्या चुलीतले निखारे चिमट्याने काढून सगळ्यांना दिले, आणि शेवटच्याला दिल्यावर चुलीत राखच उरली. चूल पुन्हा पेटवावी असं तिला वाटेना.

गॅलरीत धूर दाटला. कुणी खोकत होतं, कुणाचं पाणी उतू गेलं, कुणी कुणाला झाकण मागत होतं. आत बसल्या बसल्या कौसल्येला नुसत्या आवाजावरून कळत होतं, कुणाचा जाळ जास्त झालाय आणि कुणाचा भात खाली लागतोय. दोनदा ती उठली आणि दोनदा पुन्हा बसली. या वेळेला तिच्या हाताला कधी सवड नसायची. आता दोन्ही हात मांडीवर पडून होते, आणि तिला त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं. तिला रडू आलं. धूर होताच, तेव्हा कुणाला सांगायचं काही कारण नव्हतं.

थोड्या वेळाने बुधाजी ताट घेऊन दारात आला.

"जेव, वयनी."

"तुमी जेवा आधी."

"आमी जेवतलंव मगे. तू बस."

ती पाटावर बसली. या खोलीत ती माणसांना वाढत आली होती, पण तिच्यापुढे ताट कुणी ठेवलं नव्हतं. तिने भात कालवला. वरचा गिचका झाला होता, आतली शितं कच्ची होती, आणि आमटीत मीठच नव्हतं. बुधाजी दाराला धरून उभा होता. त्याच्या मागे गॅलरीत सगळे आपापल्या चुली सोडून उभे राहिले होते.

"कसो झालोहा?" बुधाजीने विचारलं.

"बरो झालोहा," कौसल्या म्हणाली. ती घास घेत राहिली, ताट पुसून संपेपर्यंत. मग मान वर न करता म्हणाली, "वायच आणखी वाढा."

बुधाजी भात आणायला बाहेर गेला. तो परत येईपर्यंत कौसल्या ताटाशी हात आवरून बसून राहिली.