उंचवट्यावरचं गवत

मैदान बेसबॉलवाल्यांचं. आम्ही फुटबॉलवाले तिथे पाहुणे, तेही ज्यांना बसायला खुर्ची मिळते पण कॉफीचं कोणी विचारत नाही असे. गेली एकोणीस वर्षं दोघांचंही गवत मीच सांभाळते, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून खाते.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहतो. आमच्या सामन्याआधी तो उंचवटा खणून काढायचा, जागा सपाट करायची, वर गवताच्या पट्ट्या अंथरायच्या, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. सामना संपला की सगळं उपटून उंचवटा पुन्हा रचायचा. हंगामात चौदा वेळा हा उद्योग. आमचा क्लब तिसऱ्या दर्जाचा. या देशात अख्खी स्पर्धा जिंकली तरी कोणी वरच्या दर्जात घेत नाही, आहोत तिथेच राहतो. उंचवटा मात्र दर वेळी उकरावा लागतो.

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या दोन पट्ट्यांमधला सांधा सुटला आणि नेमका त्यात नेल्सन बारोसचा बूट अडकला. बारोस म्हणजे आमचा गोल करणारा, सव्वीस वर्षांचा, न्यू बेडफर्डच्या मच्छीमारांच्या घरातला. त्याचा गुडघा गेला तो आवाज मला मैदानाच्या कडेला ऐकू आला. ऑपरेशन, कुबड्या, मग वर्षभर व्यायाम. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

या हंगामाच्या शेवटच्या सामन्याला तो घरच्या मैदानावर पहिल्यांदाच परत उतरणार होता. जिंकलो तर बाद फेरी, नाहीतर सगळे आपापल्या घरी. मला बाद फेरीचं फारसं काही नव्हतं. त्याने माझ्या गवतावर बिनधास्त पाय टाकावा आणि काही होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

त्यासाठी मी तीन दिवस मागितले होते. मिळाला एक. पावसाने राहिलेला बेसबॉलचा सामना गुरुवारी ठेवला, आणि तोही संपता संपेना. मी कपाळाला हात लावून पायऱ्यांवर बसले होते. शुक्रवारी उजाडताच मी आणि माझा जुना जोडीदार गस कामाला लागलो. या वेळी मी हट्टाने चार बोटं जाडीच्या पट्ट्या मागवल्या होत्या, एकेक हलवायला आम्हा दोघांचाही घाम निघेल अशा. मुळं धरायची वाट बघायला नको, स्वतःच्या वजनानेच बसतात. प्रत्येक सांधा मी गुडघ्यावर बसून हाताने चाचपला. गस म्हणाला, चर्चमध्येसुद्धा तू इतका वेळ गुडघ्यावर बसत नसशील.

शनिवारी दुपारी बारोस लवकर आला. चपला घालून गवताच्या कडेला उभा राहिला.

"इर्माबाई, धरलंय का हो?"

"ट्रक आण आणि चालव त्यावरून."

तो हसला. पण सराव करायला पलीकडच्या गोलाकडे गेला.

आता ट्रेंट. ट्रेंट म्हणजे आमच्या क्लबचा जाहिरातवाला, ज्याला फुटबॉल ही मध्यंतराच्या आधी आणि नंतर येणारी अडचण वाटते. त्याने मध्यंतरात बुटक्या लांबुडक्या कुत्र्यांची शर्यत ठेवली होती, तीही नेमकी माझ्या पट्ट्यांवरून. मी त्याला आठवडाभर विनवलं, मग दम दिला. शर्यतीचे पैसे देणाऱ्या सॉसेजवाल्या दुकानाला शब्द दिलाय, हे त्याचं तुणतुणं सुरूच.

"इर्माबाई, कुत्र्यांच्या पायांना काय खिळे असतात?" तो म्हणाला.

"नखं असतात. तुला अक्कल नसली तरी त्यांना नखं असतात."

शर्यत झालीच. मध्यंतराला एक-एक बरोबरी होती. अकरा कुत्री सुटली, दहा धावली आणि अकरावं माझ्या गवतावर थांबून नेमकं एका सांध्यावर उकरायला लागलं. तीन हजार माणसं खदखदा हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी गवत ठोकून बसवायची धुम्मस उचलली आणि तशीच मैदानात शिरले.

झालं काहीच नव्हतं. मूठभर पाती उडाली होती, सांधा जागच्या जागी होता. मला ते दिसत होतं, तरी माझा हात थांबेना. गुडघ्यावर बसून मी तो सांधा ठोकला, मग शेजारचा ठोकला, मग उठून बुटांनी दाबला. मान वर केली तेव्हा संघ मैदानात आले होते. बारोस दहा पावलांवर उभा होता आणि माझ्या हातातल्या धुम्मसकडे बघत होता.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला तो क्षण आला. त्यांच्या बचावातल्या एकाचा पाय चुकला आणि चेंडू घरंगळत माझ्या पट्ट्यांवर येऊन थांबला. पुढे फक्त त्यांचा गोलरक्षक, आणि बारोस एकटा. सरळ चार पावलं, की चेंडू पायाशी, आणि गोल. तो सरळ गेला नाही. गवताच्या त्या तुकड्याला वळसा घालून गेला, भरलं ताट ओलांडायचं टाळावं तसा. तेवढ्यात त्यांच्या दुसऱ्या एकाने येऊन चेंडू उडवून लावला. बरोबरी. हंगाम संपला.

मी पाण्याच्या नळ्या गुंडाळत होते तेव्हा बारोस आपणहून आला.

"पाय वळला हो, इर्माबाई. मी त्याला सरळ जा म्हणालो, त्याने ऐकलं नाही."

"गवत पक्कं होतं, नेल्सन."

"असेल. पण तुम्ही ठोकत होतात ना, तेव्हा वाटलं, यांनाच खात्री नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमची काही चूक नाही." त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या आनंदाने खाल्ल्या असत्या.

रविवारी सकाळी बेसबॉलवाल्यांना उंचवटा परत हवा होता. गसने पहिल्या पट्टीखाली पहार घातली. पट्टी हलेना. दोघांनी जोर लावला, तरी नाही. शेवटी गस धापा टाकत खाली बसला.

"कसलं बसवलंयस गं हे? सुटता सुटत नाही."

मी त्याला कॉफी आणायला पाठवलं. तो गेल्यावर त्या सांध्यावर उभी राहिले आणि दोन्ही पायांनी, माझ्या सगळ्या वजनानिशी, उड्या मारल्या. कुत्र्याने उकरलं होतं तिथे, मी ठोकलं होतं तिथे. पुन्हा पुन्हा मारल्या. गवत तसूभर सरकलं नाही.

गस कॉफी घेऊन आला. ती प्यायलो आणि पहारी उचलल्या. सगळं उपटायला दुपार झाली.