चौदा नंबरचा थांबा

पुंजाराम टोनरच्या खोक्यावरची चिकटपट्टी कटरने कापत होता, तेवढ्यात परीक्षा विभागातल्या दीपकने स्टोअरच्या काउंटरवर एक कागद ठेवला.

"भाऊ, एवढं वाचून घ्या. स्मरणिका सोमवारी छापायला जातेय."

विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांच्या धावण्याच्या गटाला दहा वर्षं होत होती. रोज दीड ते दोन, जेवणाच्या सुट्टीत, दहा-बारा जण मुख्य इमारतीपासून स्टाफ क्वार्टरपर्यंत धावत जात आणि परत येत. डबा मग टेबलावरच, काम करता करता. गट सुरू झाला तो पुंजारामच्या बायकोमुळे. उज्वला परीक्षा विभागात होती. तिला जाऊन सात महिने झाले होते.

पुंजारामने चष्मा लावला. 'कै. उज्वला मॅडम यांना व्यायामाची पहिल्यापासून आवड होती. त्या दुपारी एकट्याच धावत. त्यांना पाहून इतर सहकारी सामील झाले.'

"आवड होती, हे कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की! मी नवीन लागलो तेव्हा विचारलं होतं, मॅडम साडीवर बूट घालून कुठे पळतात. तुम्ही म्हणालात, तिला आवड आहे."

पुंजारामने कटरचं पातं आत सरकवलं.

"आणि खाली एक जागा रिकामी सोडलीय," दीपक म्हणाला. "चौदा नंबरच्या फाटकाशी आम्ही दहा मिनिटं थांबतो ना, ते का? जुने सगळे रिटायर झाले. कोणी म्हणतं सावलीसाठी. तिथं तर सावलीच नाही. चौदा नंबर तुमचंच क्वार्टर होतं ना?"

"हो. दुपारी सांगतो. मीही येतो तुमच्याबरोबर."

"तुम्ही? पळायला?" दीपक हसला. "सुट्टीत स्टोअर सोडून तुम्ही जिन्यापर्यंत तरी गेलात का कधी?"

पुंजारामने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

दीड वाजता त्याने हजेरीच्या मशीनवर अंगठा लावला. संगणक विभागातली साक्षी बुटाची नाडी बांधत होती. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं.

"काका, सँडलवर? गुडघे जातील हां."

पाण्याच्या टाकीपर्यंत तो पळाला. तिथे कमरेला हात लावून उभा राहिला. मग चालत निघाला. बाकीचे बरेच पुढे गेले होते.

तो पोचला तेव्हा मंडळी चौदा नंबरसमोर रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसली होती. क्वार्टर आता दुसऱ्यांना मिळालं होतं. फाटकाच्या आत लहान मुलाची सायकल होती.

"आलात काका? पण चार मिनिटांत निघायचंय," साक्षी म्हणाली.

पुंजारामने स्वयंपाकघराच्या शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. त्या खिडकीखाली त्याच्या आईची, चंद्रभागाबाईंची, खाट होती. सायखेड्याहून आणल्यावर दोन वर्षं त्या उठल्या नाहीत. उज्वला सकाळी वरण-भात झाकून ठेवायची आणि दुपारी येऊन भरवायची. मागून पळत आलेल्यांना सांगायची, तुम्ही दम खा, मी आलेच. आई गेल्या, तरी थांबा राहिला. मग तीही या कठड्यावरच बसायची.

उज्वलाच्या आजारपणात, शेवटच्या महिन्यात, पुंजारामने तिला भरवलं होतं. पातळ खिचडी, सात-आठ चमचे. चाळीस मिनिटं लागायची. एकदा तिने तोंड बाजूला केलं.

"सावकाश," ती म्हणाली होती. "मी आईंना फार घाई करायचे. त्या म्हणायच्या, लय पळतीस गं, जरा बस."

त्याने तिची हनुवटी पुसली होती.

त्याची सुट्टीही दीड ते दोनच होती.

त्याने खिशातून कागद आणि पेन काढलं, कागद फाटकाच्या खांबावर धरला. आवडीचं पहिलं वाक्य खोडलं आणि रिकाम्या जागेत लिहिलं, 'चौदा नंबरमध्ये माझी आई अंथरुणाला खिळली होती. तिला जेवू घालायला उज्वला पळत यायची. तेव्हा मी स्टोअरमध्ये डबा खात असायचो.'

दीपकने वाचलं. पुन्हा वाचलं. बाटलीचं झाकण लावलं.

"भाऊ, पहिली दोन वाक्यं घेतो. तिसऱ्याची काय गरज?"

"तिसरं गाळू नका."

"अहो, स्मरणिका आहे. कुलगुरूंच्या हातात जाणार."

"जाऊ द्या."

"चला, चला! मशीन बंद व्हायच्या आत पोचायचंय," साक्षी रस्त्यावरून ओरडली. "काका, तुम्ही पण!"

"व्हा पुढे."

दीपकने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि पळत सुटला. पुंजाराम कठड्यावर बसला. घड्याळात दोन वाजायला नऊ मिनिटं होती. उज्वला तेवढ्या वेळात परत मशीनपाशी पोचायची.