तांबड्या रश्श्यावर लॅव्हेंडर

आमच्या इमारतीत रविवार आला की कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी दहाला मजल्यामजल्यावर कांदा-खोबरं भाजल्याचा वास उठतो आणि बाराला लिफ्टमध्ये नुसतं उभं राहिलं तरी भूक लागते. चौथ्या मजल्यावरच्या सम्राट आणि संयोगिताच्या घरचा वास सगळ्यांच्या पुढं असायचा, कारण तिथं मटण सम्राटच्या आई करत. त्या मुरगूडच्या धोंडुबाई.

दिवाळीनंतर हा वास एकाएकी बंद झाला. मटण चालू होतं, वास तेवढा बंद झाला.

झालं असं, की संयोगिताची कॉलेजातली मैत्रीण ऋता पुण्याहून आली होती. मी त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये होते. दार उघडताच ती म्हणाली, "अगं, लिफ्टपासूनच कळतं हं तुमच्याकडे काय शिजतंय ते!" मला तर ती भुकेली वाटली. संयोगिताला मात्र आपल्या तीन पिढ्यांचा अपमान झाल्यासारखं वाटलं. आठ दिवसांत हॉलच्या भिंतीवर दर पंधरा मिनिटांनी 'फुस्स' करणारं यंत्र आलं. बाथरूममध्ये मोगरा आला. टीव्हीशेजारी तेलाच्या बाटलीत सुगंधी काड्या उभ्या राहिल्या. अवनीच्या खोलीत पलंगामागच्या प्लगला लॅव्हेंडर लागलं. संध्याकाळी पडद्यांवर फवारा, सकाळी अवनीच्या गणवेशावर फवारा. आणि खिडक्या कायमच्या बंद, नाहीतर विकत घेतलेला वास शेजाऱ्यांना फुकट मिळाला असता.

अवनी सातवीत आहे, शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून इमारतीतली चार-पाच मुलं संध्याकाळी माझ्या गॅलरीत विज्ञान शिकायला येतात, त्यात तीही असते. डिसेंबरात ती खोकायला लागली. कोपराच्या आतल्या बाजूला आणि मानेवर लाल चट्टे उठले. सारखी खाजवायची.

घरात कारणं शोधण्याची मोहीम निघाली. दही बंद झालं. पेरू बंद झाला. पंखा बंद झाला. खोलीतली हवा शुद्ध व्हावी म्हणून दोन वेळा धूप सुरू झाला. धुपाचा धूर झाला म्हणून लॅव्हेंडरचं बटण 'मंद'वरून 'जोरात'वर गेलं. पोरगी आणखी खोकायला लागली, तेव्हा दृष्ट काढली. त्यासाठी जाळलेल्या मिरच्यांनी सगळं घरच खोकलं.

डॉक्टरांनी तपासून ॲलर्जी सांगितली, औषध दिलं आणि कागदावर स्पष्ट लिहून दिलं, की घरात सुगंधी वस्तू नकोत. संयोगितानं तो कागद घेतला आणि तडक दुकानात जाऊन लॅव्हेंडरची दुसरी बाटली आणली.

"ही शंभर टक्के नॅचरल आहे, बाई," तिनं मला जिन्यात थांबवून सांगितलं. "डॉक्टरांना केमिकलचा वास नको असं म्हणायचं होतं."

"त्यांनी तसं लिहिलंय?"

"लिहिलं नाही, पण अर्थ तोच ना?"

"संयोगिता, खाजकुयलीपण शंभर टक्के नॅचरलच असते," मी म्हणाले.

ती हसली आणि निघून गेली. जिन्यात बराच वेळ मोगरा राहिला.

शेवटी सम्राटनं निकाल दिला. त्याचं शिरोलीला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. कुठला भाग बिघडलाय हे तो आवाजावरून सांगतो, अशी त्याची ख्याती. त्यानं पोरीचा खोकला ऐकला आणि सांगितलं, "मैदानावरची धूळ हाय ही. फुटबॉल बंद."

जिल्ह्याच्या संघाची निवड दोन आठवड्यांवर आली होती. अर्जावर पालकाची सही लागणार होती. अवनीनं रडून-भांडून एवढंच पदरात पाडून घेतलं, की निवडीच्या आदल्या शनिवारपर्यंत खोकला थांबला तर सही, नाहीतर बूट माळ्यावर.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडं आली ती नाक पुसतच.

"बाई, धुळीनं होत नाही हो. मला माहितीये."

"तुला माहीत असून भागत नाही. मला कसं पटवशील?"

"म्हणजे?"

"वही काढ. खोकला कधी आला, कुठं आला, तेव्हा आजूबाजूला काय होतं, एवढंच लिहायचं. कारण लिहायचं नाही. कारण लिहायची घाई मोठ्यांना असते."

आठ दिवस तिनं लिहिलं. मैदान, दीड तास, धूळ भरपूर, खोकला दोनदा. शाळा, एकदा. आपली खोली, रात्री सात वाजल्यापासून, मोजणं सोडलं. मुलांनी वहीभोवती डोकी घातली.

"मग सगळी मशीनं एकदम बंद करून टाकूया की!" तिसऱ्या मजल्यावरचा राजवीर म्हणाला.

"आणि त्याच दिवशी धूप बंद केला, औषध बदललं, तर बरं कशानं वाटलं ते कसं कळणार? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं होतं तसंच. औषधही चालूच. आणि अवनी, आईला विचारून."

तिनं विचारलं. आई म्हणाली, "काहीतरीच काय? त्यानंच तर तुला शांत झोप लागते."

पण नातीच्या खोलीत दुसरी खाट आजीची होती. सोमवारच्या पानावर अवनीनं लिहिलं होतं : 'आजीनं पलंगामागचं मशीन काढलं. मशीन कुठं ठेवलं सांगत नाही. "लई इचारू नगंस" म्हणाली.' मंगळवारी रात्री खोकला चार वेळा. बुधवारी दोनदा. गुरुवारच्या पानावर नुसतं 'नाही' होतं आणि त्याखाली तीन रेघा मारल्या होत्या.

"पण आईला वास गेलेला कळला कसा नाही?" राजवीरनं विचारलं.

"दिवसभर त्याच वासात राहिलं की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून तर माणसं फवारा वाढवत जातात. आपल्याला येत नाही म्हणजे वास कमी झाला, असं त्यांना वाटतं."

शुक्रवारी संयोगिताकडं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी गेले तेव्हा हॉलमध्ये वीस-पंचवीस बायका होत्या, खिडक्या बंद होत्या आणि भिंतीवरचं यंत्र ठरल्या वेळी फुस्स करत होतं. ऋताही मुद्दाम पुण्याहून आली होती. वाण म्हणून प्रत्येकीला लॅव्हेंडर तेलाची छोटी बाटली होती.

हातावर अत्तर लावायचं काम अवनीकडं होतं. ती बोळा घेऊन पहिल्या बाईंपाशी गेली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला अंगावर उठत वगैरे नाही ना? हाताला लावू की रुमालाला?"

काकू गडबडल्या. "मला... खरं तर गळ्याशी पुरळ येतं गं अत्तरानं. पण नको कसं म्हणायचं?"

"मग रुमालाला लावते."

दुसरीनंही रुमाल काढला, तिसरीनंही. वर्षानुवर्षं ह्या बायका शेजारणीला वाईट वाटू नये म्हणून खाजवत घरी जात होत्या, हे त्या दिवशी कळलं. संयोगितानं डोळे मोठे केले. "अवनी, नुसतं लाव. प्रश्न विचारू नकोस."

मग तिनं वाणाची बाटली उंच धरली. "हे लावायला लाजू नका बरं का. आमच्या अवनीला महिनाभर खोकला होता. तिच्या खोलीत हेच तेल यंत्रात घालून चोवीस तास ठेवलं. चार दिवसांत खोकला बंद! बाई, तुम्ही उगीच नावं ठेवत होता. आता काय म्हणाल?"

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी अवनीकडं बघितलं. अवनीनं स्वयंपाकघराच्या दारात बसलेल्या आजीकडं बघितलं.

"चार दिस म्हणालीस न्हवं?" धोंडुबाईंनी विचारलं.

"हो, आई. सोमवारपासून."

"थांब हां."

त्या गॅलरीत गेल्या आणि जयसिंगपूरच्या भडंगाचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. तो हॉलच्या मधोमध ठेवला आणि गच्च बसलेलं झाकण उचकटलं. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते यंत्र होतं. चार दिवस कोंडलेलं लॅव्हेंडर, त्यात भडंगाच्या लसणीचा वास, असं काही एकदम बाहेर पडलं, की पुढच्या रांगेतल्या तिघी एकामागून एक शिंकल्या आणि अवनी खोकत गॅलरीकडं पळाली.

"हे बघ तुझं औशिद," धोंडुबाई म्हणाल्या. "सोमवारपास्नं डब्यात हाय. हितं पडून पोरीचा खोकला बरा करतंय व्हय?"

कुणीतरी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला. संयोगिताचा चेहरा मोठा बघण्यासारखा झाला होता. मी बघितला नाही. मी उठून खिडकी उघडली.

एवढ्यात सम्राट दुकानातून आला. दारातच नाकाला हात लावून म्हणाला, "कसला वास हाय ह्यो? क्लच जळल्यागत?"

अवनी गॅलरीतून आत आली आणि तिनं बापाच्या हातात वही दिली. तो उभ्यानं वाचायला लागला. पहिलं पान, दुसरं पान, मग परत पहिलं. ट्रॅक्टरच्या बाबतीत हा माणूस एक-एक भाग काढून बघतो, पोरीच्या बाबतीत मात्र त्याला नुसता आवाज पुरला होता. हे त्याचं त्यालाच उमगलं असावं, कारण कान लाल झाले.

"मैदानावर दीड तासात दोनदा?" त्यानं विचारलं.

"दोनदाच, पप्पा. आणि त्यातला एक पाणी पिताना धक्का लागून ठसका बसला म्हणून."

"आन् हितं मोजणंच सोडलंस?"

"बोटं पुरेनात."

त्यानं बायकोकडं बघितलं. संयोगितानं मान खाली घालून वाणाच्या बाटल्या परातीत नीट लावायला घेतल्या. मग, तिथंच, वीस-पंचवीस बायकांसमोर, हळदीकुंकवाच्या पाटावर अर्ज ठेवून सम्राटनं सही केली. अर्जाच्या कोपऱ्याला कुंकू लागलं.

बायकांनी जाताना वाण मात्र सोडलं नाही. फुकटची बाटली. ज्यांच्या गळ्याशी पुरळ येतं त्यांनीही दोन-दोन घेतल्या, एक जावेला देऊ म्हणून.

अवनीची निवड झाली ती दुसरी गोलकीपर म्हणून. पहिलीचा गुडघा जरा कुरकुरतोय, ही बातमी मला रोज मोठ्या आशेनं ऐकवली जाते. असं चिंतू नये हे मी तिला सांगते आणि गुडघा कसा आहे तेही विचारते. चट्टे गणवेशावरचा फवारा थांबवल्यावर दोन आठवड्यांनी उतरले. त्याचंही वहीत वेगळं पान आहे.

निवडीच्या रविवारी ऋता अजून इथंच होती. दुपारी मी चौथ्या मजल्यावर गेले, तर खिडक्या सताड उघड्या आणि संयोगिता दारात उभी.

"बाई, खरं सांगा," तिनं हळूच विचारलं, "लिफ्टमध्ये वास येतोय का हो?"

"येतोय."

तिचा चेहरा पडला. तेवढ्यात आतून ऋताचा आवाज आला, "अगं संयोगिता, कधी वाढणार? मागच्या वेळी लिफ्टमध्येच एवढं सुचवलं, तरी नुसतं सरबत देऊन काढून दिलंस!"