उत्तरांची पानं

फोन आला तेव्हा मी सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये, लिफ्टच्या छपरावर उभा होतो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने छपरावर असताना फोन घ्यायचा नसतो. पण हिच्या ऑफिसचा नंबर दिसला म्हणून घेतला. बोलणारी ही नव्हती, कोर्टातले हेडक्लार्क होते. बाईंना बरं वाटत नाहीये, तुम्ही या, म्हणाले. कुठे येऊ विचारलं तर हॉस्पिटल सांगितलं आणि पुढे काही बोललेच नाहीत. फोनही ठेवला नाही. तेव्हाच मला कळलं.

लिफ्ट सातव्यावर आणली. दार नीट लागलंय का ते दोनदा पाहिलं, काम चालू असल्याची पाटी अडकवली आणि जिना उतरलो. एवढं सगळं करत बसलात, असं नंतर मुलगी म्हणाली. काय सांगणार? हाताला सव्वीस वर्षांची सवय आहे, तो आपलं काम करतो.

ही कोर्टात टायपिस्ट होती. टाइप करता करता तिने डोकं टेबलावर टेकलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, जरा डोळे मिटलेत. शिपाई कागद न्यायला आला तेव्हा उलगडा झाला. तो गुरुवार होता. तेवीस दिवसांवर तिची परीक्षा होती.

परीक्षा म्हणजे कायद्याच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा. वय वर्षं सत्तेचाळीस, मुलीचं लग्न झालेलं, आणि बाईसाहेब परीक्षेला. पण त्याला कारण होतं. बावीस वर्षं तिने दुसऱ्यांचे युक्तिवाद टाइप केले. एकदा एका वकिलाच्या कागदात तिला तारखांचा घोळ दिसला. सांगायला गेली तर तो म्हणाला, बाई, तुमचं काम बोटांचं. घरी येऊन तिने हे हसत हसत सांगितलं. पुढच्या महिन्यात पुस्तक आणलं.

बाकीचे विषय तिला जमले. गाडी अडायची ती कोड्यांपाशी. नऊ जणांतली सात माणसं एका रांगेत बसलीत, डॉक्टर गायिकेशेजारी बसत नाही, सुतार टोकाला नाही, शिक्षक आला तर वकील येतोच, तर मधोमध कोण? ती म्हणायची, कसली भांडकुदळ माणसं ही, यांना बोलावतं तरी कोण? पण बसायची. रोज पहाटे पाच ते पावणेसहा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एक संच. संचात सहा प्रश्न. पुस्तकात साठ संच. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सराव केला की येतं, असं तिचं म्हणणं. टायपिंगही तिला तसंच आलं होतं.

पहिल्याच दिवशी तिने माझ्या हत्यारांच्या पिशवीतलं पातं घेतलं आणि पुस्तकामागची उत्तरांची पानं कापून माझ्या हातात दिली.

"ही तुमच्याकडे असू देत. माझा माझ्यावर भरवसा नाही."

म्हणजे तपासणारा मी. मी घड्याळ लावायचो, चहा ठेवायचो, आणि वेळ संपली की तिच्या वहीतली अक्षरं पानातल्या अक्षरांशी ताडून खुणा करायचो. प्रश्न मी कधी वाचला नाही. आपल्याला काय कळणार त्यातलं, असं वाटायचं. पानांवरही नुसती अक्षरंच होती, का आणि कसं याचा पत्ता नव्हता.

अकराव्या संचाला सहातली दोन बरोबर आली. आदल्या दिवशी कोर्टातले साहेब तिला सगळ्यांसमोर बोलले होते. डोळे सुजलेले होते. ती माझ्याकडे बघत होती आणि माझ्या हातात पेन होतं. मी चारांपुढे बरोबरची खूण केली.

त्या दिवशी डबा भरताना ती गुणगुणत होती.

एकदा केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. रोज नाही केलं. संचात एखादं, फार तर दोन. कधी चूक ती चूकच दाखवायचो, कधी बरोबर करून टाकायचो. तिचा चेहरा कसा आहे त्यावर. ती म्हणायची, कधी जमतं, कधी सुटतं, म्हणजे माझी घाईच होते. मी म्हणायचो, हो, घाईच होते तुझी.

पहिल्या वर्षी ती तीन गुणांनी राहिली. बाकी सगळं छान, कोड्यांत तीसपैकी चौदा. निकालाचा कागद तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, "घरी सहात पाच येतात हो. तिथे गेलं की काय होतं मला?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, नवीन जागा, माणसं, बावरली असशील.

झालं, तिने तेच धरलं. आपल्याला गर्दीत सुचत नाही, असं मनाने घेतलं. मग वर्षभर दर रविवारी आम्ही बसस्टँडवर. ती बाकावर वही घेऊन, मी शेजारी घड्याळ घेऊन. गोंगाटाची सवय व्हावी म्हणून. माणसं येऊन तिला विचारायची, पावणेदहाची गेली का. एका म्हाताऱ्या बाईंना वाटलं, ही बस कंपनीकडून पाहणीला आली आहे. त्यांनी गाड्यांच्या तक्रारींचा पाढाच वाचला. हिने सगळं शांतपणे वहीत लिहून घेतलं आणि वरती पाठवते म्हणून सांगितलं. त्या गेल्यावर मी हसायला लागलो तर मला कोपर मारून म्हणाली, "हसताय काय, वकिलाचं पहिलं काम हेच असतं. ऐकून घेणं."

असं वर्ष गेलं. जे बिघडलंच नव्हतं ते ती दुरुस्त करत होती, आणि मला ते ठाऊक होतं. परीक्षेला सव्वा महिना उरला तसं मला घरात बसवेना. कामावरही चित्त लागेना. एकच स्क्रू दोन-दोनदा आवळायचो. शेवटी ठरवलं, या रविवारी सांगायचं. बोलेल, चिडेल, चार दिवस अबोला धरेल, धरू दे. मग आला तो गुरुवार.

पाहुणे गेल्यावर मी आठव्या दिवशीच कामावर हजर झालो. आमचे साहेब म्हणाले, रजा शिल्लक आहे, घरी राहा. घरी काय करू? पहाटे पाचला जाग यायची ती यायचीच. चहा दोन कप ठेवला जायचा. घरभर फिरायचो, मग रस्त्यावर, मग पुन्हा घरात. एका पहाटे टेबलाशी बसलो आणि पुस्तक उघडलं. पहिला संच. तासभर डोकं फोडलं, सहातलं एक आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. नट आणि बोल्ट मांडून माणसं केली. डॉक्टर मोठा नट, गायिका वॉशर. महिन्याभराने सहात चार येऊ लागली. अडीच महिन्यांत सहाच्या सहा, दहा मिनिटांत.

मग तिच्या वह्या काढल्या. मी बरोबर केलेली चुकीची उत्तरं लाल पेनाने शोधायला बसलो. आणि तिसऱ्या दिवशी पेन खाली ठेवलं.

चुका अनेक नव्हत्या. चूक एकच होती. शिक्षक आला तर वकील येतोच, असं दिलेलं असायचं. ती त्यावरून धरायची की वकील आला, म्हणजे शिक्षकही आलाच. प्रत्येक वेळी. साठ संच, कितीतरी वेळा, तीच चूक, तेच उत्तर, आणि पुढे माझी खूण. सराव होत होता तो चुकीचा. चूक दिवसेंदिवस पक्की होत गेली.

हे तिला समजावायला वकील लागला नसता. दार उघडं असेल तर लिफ्ट चालत नाही. पण लिफ्ट चालत नाही म्हणून दार उघडंच असेल, असं नाही. वीज गेलेली असेल, मोटर तापलेली असेल. आमच्या धंद्यात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. एकदा प्रश्न वाचला असता तर पाच मिनिटांचं काम होतं, आणि त्यासाठी तिला मला सोडून गावात दुसरा माणूस शोधायची गरज नव्हती.

मुलगी चार दिवसांसाठी आली तेव्हा टेबलावरचे नट बघून म्हणाली, "बाबा, आता तुम्हीही वकील होताय की काय?" मी तिला सगळं सांगितलं.  ऐकून तिने उठून कप विसळले. पाठमोरीच म्हणाली, "आईच्या नजरेत तुम्ही वाईट दिसू नये म्हणून केलंत, की तिला वाईट वाटू नये म्हणून?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

"बरं," ती म्हणाली. जाताना मात्र वाकून नमस्कार केला, आणि त्या दिवसापासून रोज फोन करते, जेवलात का म्हणून.

मागच्या सोमवारी कोर्टातल्या शेजारच्या टेबलावरच्या त्या बाई घरी आल्या. टायपिंगची खोली रंगवायला काढली होती, खण रिकामे करताना हिच्या खणातून एक वही निघाली. मी पाहिली नव्हती ती. निळ्या पुठ्ठ्याची, साधी. बाई म्हणाल्या, शेवटचे तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत त्या यात संच सोडवायच्या. कुठलं तरी नवीन पुस्तक आणलं होतं, मागे उत्तरं समजावून दिलेलं.

मी म्हणालो, मला नाही बोलली कधी.

बाईंनी वही माझ्यापुढे सरकवली. "आम्ही विचारलं होतं, घरी दाखवलीत का. म्हणाल्या, यांना नाही दाखवायची ही वही, इतक्यात."

का ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. बाई चहा घेऊन गेल्या.

शिक्षक-वकिलाचा प्रश्न तिने या वहीत सरळ सोडवला असेल, तर माझ्या खुणा खोट्या होत्या हे तिला कळलं होतं, आणि ते मनात ठेवून ती रोज पहाटे माझ्यासमोर बसत होती. तसाच चुकवला असेल, तर तिला काहीच कळलं नव्हतं. यातलं आपल्याला कुठलं हवं आहे, याचा मी आठवडाभर विचार करतोय. चालताना, लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरताना, पहाटे टेबलाशी.

तपासायला आता मला उत्तरांची पानं लागत नाहीत. वहीत चौदा संच आहेत. मी अजून एकही तपासलेला नाही.